१० लाख डॉलरचा परत आलेला चेक

२०१६ साली फ्लोरिडातल्या प्रेस्टन हेन नावाच्या गृहस्थांनी फेरारीचे तेव्हाचे प्रमुख सर्जियो मार्किओने यांना पत्र लिहिलं आणि सोबत १० लाख डॉलरचा चेक जोडला. मागणी साधी होती. फेरारीची मोजकीच बनणारी लाफेरारी ही गाडी आता बिनटपाची येणार आहे असं ऐकतो, त्यातली एक मला हवी आहे, हे आगाऊ पैसे ठेवून घ्या. चेक परत आला. ही गाडी विकत घेण्यासाठी तुम्ही पात्र नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. हेन तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते. त्यांनी सरळ फेडरल कोर्टात दावा ठोकला. गाडी दिली नाही एवढीच तक्रार नव्हती. आपल्याला अपात्र म्हणणं खोटं आहे आणि त्यामुळे गाड्यांच्या शौकिनांत आपली नाचक्की झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. भरपाई मागितली ७५ हजार डॉलरहून जास्त, कारण फेडरल कोर्टात असा दावा दाखल व्हायला वादातली रक्कम तेवढी असावी लागते. पुढे त्यांनी दावा मागे घेतला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ते वारले.

बहुतेकांनी ही बातमी करमणूक म्हणून वाचली. ज्याच्या दारात कोट्यवधींच्या गाड्या आहेत त्याला आणखी एक मिळाली नाही, त्यात काय एवढं, असाच सूर होता. मी मूळची चिंचवडची. आता फोर्ट लॉडरडेलच्या जवळ राहते, विमानांच्या इंजिनांच्या देखभालीचं काम करते, आणि गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. हेन हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत असलेलं नाव. मला ती बातमी तेव्हाही लागली होती आणि अजूनही लागते. माणूस श्रीमंत आहे म्हणून त्याच्यावर अन्याय होऊच शकत नाही, हे मला पटत नाही. शिवाय या सगळ्या प्रकारात गाडीवर जो अन्याय होतो तो कुणी मोजतच नाही.

हेन कोण होते ते आधी सांगते. १९६३ मध्ये त्यांनी सनराइज बुलेव्हार्डवर एक ड्राइव्ह-इन थिएटर काढलं. रात्री सिनेमा, मग दिवसा ते मोकळं पटांगण रिकामं का ठेवायचं म्हणून तिथे बाजार भरू लागला. तोच 'स्वॅप शॉप'. पुण्याच्या जुन्या बाजारावर छप्पर घालून मागे सिनेमाचे पडदे उभे केले तर कसं दिसेल, तसं काहीसं ते ठिकाण. भाजी, पायमोजे, मोबाइलची कव्हरं, वापरलेली हत्यारं, सगळं एकाच छताखाली. गिऱ्हाईक म्हणजे हैती, क्युबा, मध्य अमेरिकेतून आलेली कष्टकरी माणसं, शनिवार-रविवारी पोराबाळांसकट येणारी. आणि या बाजाराच्या इमारतीत, खाण्याच्या स्टॉलपासून चार पावलांवर, हेन यांनी आपल्या फेरारी मांडून ठेवल्या होत्या. तिकीट नाही, आमंत्रण नाही. कांदे घ्यायला आलेल्या माणसानेही बघून जावं.

हे गृहस्थ नुसते गाड्या गोळा करणारे नव्हते. स्वतः शर्यतीत उतरायचे. १९८३ ची डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या चार चालकांत ए. जे. फॉइट आणि बॉब वोलेक यांच्या जोडीने त्यांचं नाव आहे. ती गाडी पोर्श होती, फेरारी नव्हे, हेही सांगायला हवं. पण त्यांच्या संग्रहातला सगळ्यात मौल्यवान ऐवज फेरारीचाच होता: २७५ जीटीबी/सी स्पेशाले, चॅसी क्रमांक ६८८५. अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बनल्या. हीच गाडी १९६५ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पिवळ्या रंगात, बेल्जियमच्या संघाकडून पळाली आणि एकूण क्रमवारीत तिसरी आली. फेरारीच्या इतिहासाचा असा तुकडा या माणसाने कित्येक वर्षं सांभाळला होता.

माझे बाबा इथे आले होते तेव्हा मी त्यांना स्वॅप शॉपला घेऊन गेले. बाबांची सगळी नोकरी पुण्यातल्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये झाली. त्यामुळे कुठलीही गाडी ते समोरून बघत नाहीत, आधी तिरप्या उजेडात बघतात. एका लाल फेरारीपाशी ते वाकले, मग सरळ उकिडवे बसले. "इकडे ये. बॉनेटची ही कड बघ. इथे रंग थोडा जाड बसलाय. हा हातातल्या गनचा रंग आहे, रोबोटचा नाही." मग त्यांनी गाडीच्या नाकाकडे बोट केलं. तिथे बारीक बारीक टवके उडाले होते, काही ठिकाणी खालचा करडा प्रायमर दिसत होता. "खडे लागलेत. म्हणजे ही पळवलेली आहे." त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला नवल वाटलं, कारण घरच्या गाडीला एक ओरखडा आला तरी दोन दिवस जेवण न जाणारा हा माणूस. मी विचारलं, "बाबा, तुमच्याकडे असती तर तुम्ही टवके भरून घेतले असते ना?" "कशाला? असू देत की. एवढं इंजिन बनवणाऱ्यांनी ते काय उभं करून ठेवायला बनवलं?" शेजारी एक बाई कडेवरच्या मुलाला गाडी दाखवत होत्या. बाबांनी बाजूला सरून त्यांना जागा करून दिली.

तर हा माणूस अपात्र ठरला. मग पात्र कोण?

लाफेरारी २०१३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन आणि त्याला विजेच्या मोटरची जोड, मिळून ९६३ अश्वशक्ती. गाड्या काढल्या ४९९. बिनटपाची, म्हणजे 'अपेर्टा', २०१६ च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवली, पण पडदा उघडण्याआधीच सगळ्या गाड्या वाटून झाल्या होत्या. त्या २०९. शोरूममध्ये जाऊन मागायची सोयच नव्हती, कंपनी ज्याला बोलावेल त्यालाच मिळणार. आणि बोलवायचं कुणाला याचे नियम कुठे छापून लावलेले नसतात. डीलर नावं सुचवतो, शेवटचा शब्द मारानेल्लोचा, म्हणजे इटलीतल्या मुख्यालयाचा. बाहेर जे कळतं ते एवढंच, की तुम्ही नव्या गाड्या किती घेतल्या, किती अलीकडे घेतल्या, घेतलेली गाडी किती दिवस ठेवली, कंपनीच्या ट्रॅकवरच्या कार्यक्रमांना येता की नाही, हे सगळं बघितलं जातं. लिलावात किंवा दुसऱ्या शौकिनाकडून घेतलेल्या जुन्या फेरारीला या हिशेबात फारसं वजन नसतं, मग ती ल मान्सला पळालेली का असेना. कंपनीच्या गल्ल्यात त्या व्यवहारातून काही पडत नाही ना.

लॉस एंजेलिसचे डेव्हिड ली यांची गोष्ट याच जातीची. दागिने आणि उंची घड्याळांचा व्यवसाय, संग्रह जवळपास ५ कोटी डॉलरचा. २८८ जीटीओ, एफ४०, एफ५०, एन्झो, लाफेरारी, या फेरारीच्या पाचही खास गाड्या त्यांनी जमवल्या. अपेर्टा मात्र मिळाली नाही आणि त्यांनी ते वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला उघड सांगितलं. यादीत वर सरकायचं तर डीलरकडून आणखी नव्या गाड्या घ्या, आवडोत की न आवडोत, हा मार्ग त्यांच्यापुढे होता आणि तो त्यांनी नाकारला. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. तसं पाहिलं तर ज्या घड्याळांच्या धंद्यात ते आहेत तिथेही हाच खेळ चालतो: हवं ते घड्याळ काचेत नसतं, नको ती चार घेतलीत तर मग बघू. म्हणजे या खेळाच्या दोन्ही बाजू त्यांना आतून ठाऊक असणार, आणि तरीही ते मान तुकवायला गेले नाहीत.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. मागणीपेक्षा एक गाडी कमी बनवायची, हे एन्झो फेरारींचं धोरण म्हणून फेरारीवाले आजही सांगतात. २०१३ मध्ये अध्यक्ष लुका दि मोंतेझेमोलो यांनी तर जाहीर करून उत्पादन खाली आणलं होतं, वर्षाला सात हजारांच्या आत. पण २०१५ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली आणि २०२४ साली तिने १३,७५२ गाड्या विकल्या. जवळजवळ दुप्पट. मग टंचाई कुठे उरली? फक्त वरच्या पायरीवर. आणि ती वरची पायरी दुर्मीळ ठेवली म्हणूनच खालच्या पायऱ्यांवर गर्दी होते. ज्या गाडीसाठी माणसाला नाही म्हणायचं, ती गाडी बाकीच्या गाड्या विकते. आज ना उद्या आपल्यालाही बोलावणं येईल या आशेने लोक न आवडणाऱ्या गाड्या घेतात, रंगाचे आणि चामड्याचे महागडे पर्याय निवडतात, आणि विकावीशी वाटली तरी विकत नाहीत, कारण नाव खराब होईल. धंदा म्हणून हे फार हुशारीचं आहे. पण याला गाडीवरचं प्रेम म्हणू नका, एवढीच माझी विनंती आहे.

आता कंपनीच्या बाजूचंही बोलायला हवं, कारण ती बाजू पोकळ नाही. जॅग्वार एक्सजे२२० आठवून बघा. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ती दाखवली तेव्हा व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद, असा वायदा होता. लोकांनी ५० हजार पाउंडांची अनामत भरायला अक्षरशः रांगा लावल्या. त्यातले किती जण गाडी चालवायला घेत होते आणि किती जण पावतीच वर भाव लावून विकायला, देव जाणे. प्रत्यक्ष गाडी आली १९९२ मध्ये. तोवर व्ही१२ जाऊन व्ही६ टर्बो आलं होतं, ताकद मागच्या दोनच चाकांना, किंमत वाढलेली, आणि मंदी सुरू झालेली. रांगेतली माणसं पांगली. करारातून सुटण्यासाठी प्रकरणं कोर्टात गेली. ३५० गाड्यांचा बेत होता, बनल्या सुमारे २८०, आणि त्यातल्याही कित्येक पुढे बरीच वर्षं कवडीमोल भावाला पडून होत्या. ज्या कारखान्याने हे बघितलं, तो पुन्हा कधीही पहिल्या येणाऱ्याला गाडी देणार नाही. फेरारीनेही एफ४०च्या वेळी सट्टेबाजांचा बाजार बघितला होता, म्हणूनच एफ५० अमेरिकेत सुरुवातीला फक्त दोन वर्षांच्या लीजवर दिली. मालकीच मिळाली नाही तर विकणार काय? लेक्ससनेही एलएफएच्या वेळी अमेरिकेत हाच उपाय केला.

तेव्हा माणसं निवडायला माझा विरोध नाही. ५०० गाड्या आणि ५,००० हात असतील तर कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. प्रश्न आहे कशावरून निवडता आणि उघडपणे निवडता का, याचा. आणि याचं मला दिसलेलं सर्वांत चांगलं उदाहरण, आश्चर्य वाटेल, फोर्डचं आहे.

फोर्ड जीटी ही २०१६ ची गोष्ट. १९६६ च्या ल मान्स विजयाला पन्नास वर्षं होत होती, आणि त्याच साली नवी जीटी ल मान्सला आपल्या गटात पहिली आली. रस्त्यावरची गाडी कॅनडात ओंटारियोमधल्या मार्खमला मल्टिमॅटिक ही कंपनी बांधणार होती, पूर्ण कार्बन फायबरचा सांगाडा, त्यामुळे दिवसाला साधारण एक गाडी, वर्षाला २५०. ही टंचाई खरी आहे. सांगाडा थरावर थर देऊन बनतो, मग भट्टीत शिजतो, तिथे घाई चालत नाही. आमच्याकडे विमानाच्या सुट्या भागांतही कार्बन फायबर असतं आणि थर लावताना एखादा हवेचा फुगा राहिला तर अख्खा भाग बाद होतो, म्हणून मला त्या दिवसाला एक गाडीचं महत्त्व कळतं.

फोर्डने काय केलं, तर अर्ज मागवले. जगजाहीर. पहिल्या ५०० गाड्यांसाठी महिन्याभरात ६,५०६ पूर्ण भरलेले अर्ज आले. प्रश्न होते: तुमच्याकडे आधीची जीटी आहे का, कोणत्या फोर्ड गाड्या आहेत, ही गाडी तुम्ही चालवणार का, लोकांवर तुमचा काही प्रभाव आहे का. हवा तर एक छोटा व्हिडिओ जोडा. तो प्रभावाचा प्रश्न मला अजिबात आवडलेला नाही. ज्याला समाजमाध्यमांवर लाखभर लोक ओळखतात त्याच्या हाताला स्टिअरिंग अधिक शोभतं असं थोडंच आहे! पण प्रश्न कागदावर होते. कुणीही वाचू शकत होतं. आणि ही गाडी चालवणाऱ्यांनाच द्यायची आहे, गॅरेजमध्ये पुरायला नाही, असं फोर्ड परफॉर्मन्सचे प्रमुख डेव्ह पेरिकॅक तेव्हा जाहीरपणे सांगत होते.

निवड झालेल्यांनी दोन वर्षं गाडी विकायची नाही, असं लिहून द्यायचं होतं. निवड झालेल्यांत डब्ल्यूडब्ल्यूईचा जॉन सीना होता. आपल्याकडच्या पोरांच्या वह्यांवर ज्याचे स्टिकर असायचे, तोच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये निळी जीटी त्याच्या हाती आली, किंमत ४ लाख ६३ हजार डॉलरच्या पुढे, आणि काही आठवड्यांतच त्याने ती विकली. फोर्डने त्याच्यावर दावा केला. २०१८ मध्ये तडजोड झाली, सीनाने जाहीर माफी मागितली आणि ठरलेली रक्कम दानधर्माला गेली. लोक तेव्हा म्हणाले, पैसे मोजल्यावर गाडी त्याची, कंपनी विचारणारी कोण? मी या बाबतीत पूर्णपणे फोर्डच्या बाजूची आहे. सहा हजार माणसांना नकार देऊन ती गाडी याला दिली होती. त्याने दोन वर्षांचा शब्द दिला होता, सही केली होती. त्या सहा हजारांत एखादा म्हातारा शर्यतवाला असेल, ज्याने ती मरेपर्यंत चालवली असती.

पण त्याच फोर्डची दुसरी बाजूही बघा. २०१८ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसला मेकम या लिलाव कंपनीच्या लिलावात एक जीटी उभी राहिली. फोर्डने कोर्टाकडून लिलाव थांबवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि गाडी १६ लाख ५० हजार डॉलरच्या बोलीला गेली. मूळ किमतीच्या तिप्पट-चौपट. नंतर तिथेही तडजोड झाली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फोर्डने जाहीर केलं की एकूण जीटी १,३५० काढू. म्हणजे आधी ठरलेल्या १,००० पेक्षा ३५० जास्त. काही मालक चिडले. मला आनंद झाला. गाडी चांगली आहे, मागणी आहे, कारखाना चालू आहे, तर काढा की आणखी!

पोर्शने तर याहून मनापासूनचं काम केलं. २०१६ ची ९११ आर आठवते? ९९१ गाड्या, चार लिटरचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन, हाताने गिअर टाकायचे, मागे पंख नाही. आधी विचारणा झाली ती पोर्शच्याच ९१८ स्पायडर या गाडीच्या मालकांना. बाकीच्यांनी बघत बसायचं. बाजारात भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेला आणि कित्येक गाड्या चाकांवरचं प्लास्टिकही न काढता हातोहात फिरत राहिल्या. मग २०१७ मध्ये पोर्शने जीटी३ टूरिंग आणली. तेवढीच अश्वशक्ती, हाताचे गिअर, पंख नाही, आणि आकड्याची मर्यादाही नाही. ९११ आरचे भाव घसरले. ज्यांनी ती गुंतवणूक म्हणून घेतली होती त्यांचं नुकसान झालं, आणि ज्यांना डोंगरातल्या वळणांवर तिसऱ्यावरून दुसऱ्यात गिअर टाकण्याचं सुख हवं होतं त्यांना गाडी मिळाली. टंचाईवरचा याहून सरळ उपाय मला माहीत नाही.

फेरारीकडे परत येते. त्यांच्या पद्धतीत एकच दरवाजा असा आहे की जो पैसेवाल्या कुणालाही उघडतो, आणि तो आहे दानाचा. ४०० वी एन्झो पोप जॉन पॉल दुसरे यांना दिली गेली आणि २००५ मध्ये त्सुनामीग्रस्तांसाठी लिलावात विकली गेली. मध्य इटलीतल्या भूकंपानंतर ५०० वी लाफेरारी बनवली आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये डेटोनाला ती ७० लाख डॉलरना गेली. २१० वी अपेर्टा २०१७ मध्ये ८३ लाख युरोंना गेली, पैसे 'सेव्ह द चिल्ड्रन'ला. चांगली कामं झाली, त्याबद्दल शंका नाही. पण या लिलावांनी एक गोष्ट उघडी पाडली. त्या दिवशी त्या खोलीत खरेदीचा इतिहास कुणी विचारला नाही. जास्त बोली लावणारा पात्र. मग इतर दिवशी ज्या निष्ठेचा आणि परंपरेचा एवढा गवगवा होतो, ती एका दिवसापुरती बाजूला ठेवता येते म्हणायची. आणि हेही कळलं की छापील किंमत आणि खरी किंमत यांच्यामध्ये कितीतरी लाखांची दरी आहे. ती दरी कंपनी आपल्या आवडत्या गिऱ्हाइकाला भेट म्हणून देत असते. न मिळालेला माणूस चिडतो तो यासाठीही.

इथे पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, आपल्याकडच्या धनिकांना मिळते का? लाफेरारी फक्त डाव्या स्टिअरिंगची बनली. नव्या आयात गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं, ही आपल्या आयात धोरणाची अट. त्यामुळे यादीत नाव असो वा नसो, मलबार हिलच्या गॅरेजमध्ये नवी आणून नंबर घेण्याचा प्रश्नच संपला. त्यावर आयात शुल्क म्हणजे गाडीएवढीच दुसरी गाडी. मराठी माणसाच्या मनातली फेरारी त्यामुळे अजूनही सचिनची ३६० मोडेनाच आहे. २००२ मध्ये शूमाकरने सिल्व्हरस्टोनला तिची किल्ली दिली, मग शुल्कमाफीवरून गदारोळ झाला, शेवटी शुल्क फियाटने भरलं, आणि २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. तेव्हा आपल्याकडे केवढी हळहळ झाली होती! पण ती भेट होती, कसलाही करार नव्हता, आणि कित्येक वर्षं त्याने ती मुंबईच्या रस्त्यांवर चालवली होती. त्याला विकायचा पूर्ण हक्क होता.

कुणी म्हणेल, एवढं मनाला का लावून घ्यायचं, आपल्याला कुठे घ्यायची आहे? मला घ्यायची नाही, आणि घेता येणारही नाही. पण एक इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाऊन न फुटता परत यावं यासाठी कितीजणांची डोकी आणि हात खपतात ते मी कामावर बघते. वेळ सांभाळून तेल बदलायचं, सील वाळू नयेत म्हणून इंजिन मधून मधून फिरवायचं, हे उभ्या इंजिनांचे हाल आम्हाला चांगलेच माहीत आहेत. उभं राहिलेलं इंजिन पळणाऱ्यापेक्षा लवकर बिघडतं. रबर कडक होतं, इंधन विटतं, टायर एका जागी चपटे होतात. ज्याला गाडी 'पात्र' म्हणून मिळते आणि किंमत टिकावी म्हणून जो ती वातानुकूलित गोदामात ठेवतो, तो त्या सगळ्या हातांचं काम वाया घालवतो. आणि आजची निवडपद्धत नेमकं असं वागणाऱ्याला पुढच्या वेळीही रांगेत वर ठेवते, कारण त्याने विकली नाही ना!

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फेरारीने एफ८० दाखवली. व्ही६, विजेची जोड, १,२०० अश्वशक्ती, किंमत ३६ लाख युरोंच्या आसपास, गाड्या ७९९. पुन्हा तेच, कुणाला मिळणार ते मारानेल्लो ठरवणार. काही कंपन्या आता निदान स्पष्ट बोलतात. ॲस्टन मार्टिनचे तेव्हाचे प्रमुख अँडी पामर यांनी २०१७ मध्येच आपल्या वल्किरी या गाडीबद्दल जाहीर सांगून टाकलं होतं, की जो गाडी हातोहात विकेल त्याला पुढची मिळणार नाही. हे कठोर आहे, पण आधी सांगितलेलं आहे, आणि आधी सांगितलेल्या कठोरपणाबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या हातात असतं तर मी अर्ज उघड मागवले असते, फोर्डसारखे, तो प्रभावाचा प्रश्न वगळून. नवी आणि जुनी गाडी असा भेद केला नसता. १९६५ ची गाडी जिवंत ठेवणारा माणूस कारखान्यासाठी दोन नव्या गाड्या घेणाऱ्याहून मोठं काम करत असतो. दहातली एक गाडी सोडतीने दिली असती, म्हणजे पहिल्यांदाच येणाऱ्याला खालच्या पायऱ्या विकत घेत चढावं लागलं नसतं. ज्याला नाही म्हणायचं त्याला कारण लेखी, एका परिच्छेदात. आणि करारात विक्रीच्या बंदीशेजारी आणखी एक कलम: पहिल्या दोन वर्षांत गाडी किमान पाच हजार किलोमीटर चालली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी अर्ज करू नका. हे तपासायला वेगळी माणसं नेमावी लागणार नाहीत. सर्व्हिसिंगला गाडी कारखान्याच्याच माणसांकडे येते आणि किलोमीटरचा आकडा जॉब कार्डवर तसाही लिहिला जातो.